भाईंदरचं पॅरामेशिअम

आमच्या शाळेत पॅरामेशिअम एकच होतं आणि तेही मेलेलं. जीवशास्त्राच्या वाटेला कधी न गेलेल्यांसाठी सांगते, पॅरामेशिअम म्हणजे साचलेल्या पाण्यात राहणारा, एकाच पेशीचा, चपलेच्या तळव्यासारखा दिसणारा जीव. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. म्हणून कारखान्यात त्याला रंगवतात, काचेच्या पट्टीवर चिकटवतात आणि वरून दुसरी पातळ काच बसवून शाळांना विकतात. या पट्टीला स्लाइड म्हणतात. नीट सांभाळली तर ती माणसाच्या नोकरीपेक्षा जास्त टिकते. आमची टिकली. मी भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत लागले तेव्हा ती होती आणि निवृत्त झाले तेव्हाही होती.

मधल्या वर्षांत त्या एका स्लाइडने माझी जी शोभा केली ती या अंकाच्या निमित्ताने लिहून टाकते. संपादकांना माझ्याकडून हाडाच्या शिक्षिकेच्या आठवणी हव्या होत्या. माझ्या आठवणीत हाड नसलेलाच प्राणी जास्त आहे, त्याला माझा इलाज नाही.

प्रयोगशाळा गणपतमामांच्या ताब्यात होती. मामा शेजारच्या राई गावचे, शाळेतले प्रयोगशाळा परिचर. बरण्या पुसणं, बेडूक आणणं, स्पिरिटच्या दिव्याला वात घालणं, मुलांवर डोळे वटारणं ही सगळी कामं त्यांची. मी लागायच्या आधी एका वर्गाने सूक्ष्मदर्शकाचं भिंग खाली आणता आणता तीन स्लाइड फोडल्या होत्या. तेव्हापासून मामांनी उरलेली चौथी स्लाइड, पॅरामेशिअम बरोबर भिंगाखाली येईल अशी बसवून, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून पक्की करून टाकली होती. मुलांनी रांगेत यायचं, हात पाठीमागे बांधायचे, एक डोळा मिटून बघायचं आणि पुढे सरकायचं. स्लाइडला हात लावायची सोय नव्हती. मीसुद्धा पहिल्या दिवशी हात पाठीमागे बांधूनच बघितलं.

आता जरा शास्त्र. पॅरामेशिअम पाण्यात राहतं, त्यामुळे पाणी सारखं त्याच्या अंगात शिरतं. ते बाहेर टाकायला त्याच्याकडे दोन गोल पिशव्या असतात, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. त्यांना संकोची रिक्तिका म्हणतात. पिशवी भरते, आकसते, पाणी बाहेर. पाठ्यपुस्तकात दोन होत्या. आमच्या स्लाइडवर तीन दिसायच्या. तिसरी मधोमध, बाकी दोघींपेक्षा मोठी, गोल गरगरीत आणि काळ्या ठसठशीत काठाची. खरं सांगायचं तर तिघींत तीच देखणी होती.

माझ्या पहिल्याच वर्षी नववीतल्या महेश परब नावाच्या मुलाने हात वर केला. रत्नागिरीकडून आलेल्या घरातला, तेल लावून चापून भांग पाडलेला, प्रश्न विचारताना उभं राहणारा मुलगा. म्हणाला, "बाई, पुस्तकात दोन आहेत. इथे तीन कशा?"

मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. समोर चाळीस मुलं, दारात मामा आणि नेमके व्हरांड्यातून जाणारे मुख्याध्यापक. मला माहीत नाही, एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते काही तोंडातून निघाले नाहीत. त्याऐवजी मी म्हणाले, "पुस्तकातलं पॅरामेशिअम वेगळ्या भागातलं आहे. आपल्याकडे एका बाजूला खाडी आणि पावसाळ्यात चार महिने तुंबलेलं पाणी. बिल्डिंगमध्ये नाही का, दोन पंपांना उपसा झेपला नाही की तिसरा बसवतात. तसंच आहे हे."

वर्ग खूश झाला. परब तर इतका खूश झाला की खाली बसायचं विसरला. दुसऱ्या दिवशी मी स्लाइडच्या टोकाला चिकटवलेली चिठ्ठी भिंग लावून वाचली. तिच्यावर उत्तरेकडच्या एका कारखान्याचं गाव होतं. त्या पॅरामेशिअमने भाईंदर कधी पाहिलंही नव्हतं. पण तोपर्यंत सगळ्या वर्गाने जर्नलमध्ये तिसरा पंप काढून त्याला नाव देऊन टाकलं होतं.

जर्नल म्हणजे प्रयोगवही. उजवीकडे रेघांचं पान, डावीकडे कोरं, कोऱ्या पानावर टोकदार पेन्सिलीने आकृती. नियम असा की समोर दिसेल ते काढायचं. रीत अशी की मोठ्या भावाचं किंवा शेजारच्या ताईचं गेल्या वर्षीचं जर्नल मिळवून त्यावरून काढायचं. आमच्याकडे एकेका घरात एक जर्नल चार भावंडांना पुरायचं. त्यात मोठ्याच्या हातून हायड्राचा एक पाय जास्त निघाला असेल तर तो धाकटीपर्यंत यायचा. आणि आम्हा शिक्षकांची रीत अशी की वर्षभर जर्नलं कपाटात साठवायची, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ढीग पुढ्यात घ्यायचा, आणि लाल शाईने बरोबरची खूण, सही आणि जुलैपासूनच्या मागच्या तारखा घालत सुटायचं. जुलैचा प्रयोग, जुलैची तारीख. हे सगळेच करायचे. मी त्यात वाकबगार होते, शाई बदलून बदलून घालायचे म्हणजे ताजी वाटू नये.

असा तिसरा पंप अठरा वर्षं चालला. एका विज्ञान प्रदर्शनात आमच्या मुलांनी थर्माकोलचं भाईंदरी पॅरामेशिअम केलं. मुख्याध्यापक पाहुण्यांना प्रयोगशाळेत आणून मुद्दाम दाखवायचे. आपल्या गावाचं काहीतरी वेगळं आहे याचा लोकांना फार आनंद होतो, मग ते वेगळेपण पाणी तुंबण्याचं का असेना. मला सुरुवातीला खुपायचं. नंतर खुपेनासं झालं, आणि त्यानंतर एका टप्प्यावर माझाही त्यावर विश्वास बसला. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

दोन हजार सालानंतर शाळेत संगणक आला. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत प्लास्टिकच्या आवरणाखाली राहायचा आणि दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. शिक्षकांसाठी तीन दिवसांचं शिबिर झालं, तिथे शिकवणाऱ्या तरुण मुलीने फळ्यावर इंटरनेटवरचा एक पत्ता लिहून दिला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी काढलेली पेशींची छायाचित्रं एका ठिकाणी जमवली आहेत, शिकवायला कुणीही फुकट वापरावीत, असं ती म्हणाली. फुकट म्हटल्यावर मी पत्ता दोनदा उतरवून घेतला.

शाळेच्या संगणकाला इंटरनेट नव्हतं. म्हणून मी जेसल पार्कातल्या जिग्नेशभाईच्या सायबर कॅफेत जायला लागले. तिथे प्लायवूडच्या खोपट्या होत्या, प्रत्येकीला पडदा. पन्नाशीची, नऊवारीतली नाही पण चांगली काठाची साडी नेसलेली बाई पडदा ओढून दोन दोन तास आत बसते, याची जिग्नेशभाईला काळजी वाटायला लागली. एकदा त्याने पडद्याबाहेरून खोकून विचारलं, "बेन, सब ठीक है ना?" मी पडदा सारून स्क्रीनभर पसरलेला झुरळाचा डोळा दाखवला. त्यानंतर तो माझ्या खोपटीकडे फिरकला नाही.

त्या संग्रहाने मला वेड लावलं. आमच्या पुस्तकातली पेशी म्हणजे शाळेने काढलेल्या रांगोळीसारखी, सगळं जिथल्या तिथे. इथे पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींना टेकलेल्या, मधेच फाटलेल्या. प्रत्येक चित्राखाली ते कुठलं, कसं रंगवलं, किती मोठं केलं, कुणी काढलं ते लिहिलेलं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचायचे. आणि मधूनच एखाद्या चित्राखाली चक्क लिहिलेलं असायचं, डाव्या कोपऱ्यात दिसतं ते काय आहे हे आम्हाला ठाऊक नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे. शब्दकोशात प्रत्येक शब्द पाहिला. ठाऊक नाही, असंच होतं. एवढ्या मोठ्या माणसांनी आपल्या नावासकट तसं लिहून ठेवलं होतं.

मग एक दिवस मी पॅरामेशिअम शोधलं. तेव्हा चित्र एकदम यायचं नाही, वरून पट्टी पट्टीने उतरायचं. आधी पुढचं टोक आलं. पहिली रिक्तिका आली. मी खुर्चीत सावरून बसले, आता मधली. पट्टी उतरली, मध्यावर आली, मोठं केंद्रक दिसलं, त्याच्या बाजूला काही नाही. म्हटलं जरा खाली असेल. मागचं टोक आलं, दुसरी रिक्तिका आली, आणि चित्र संपलं. मी दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. जिग्नेशभाईने दुकान बंद करायची वेळ झाल्याचं सांगेपर्यंत मी अकरा पॅरामेशिअम मोजली. सगळ्यांना दोन.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी प्रयोगशाळेत गेले. मामा बरण्या पुसत होते. मी म्हटलं, मामा, ही तिसरी रिक्तिका काय भानगड आहे?

मामांनी वर न बघता सांगितलं, "रिक्तिका न्हाय ती, बाई. बुडबुडा हाय. हवेचा."

मी तिथल्या स्टुलावर बसले. मामांनी फडकं खांद्यावर टाकलं, ब्लेडने चिकटपट्टी सोडवली आणि स्लाइड बोटभर बाजूला सरकवली. मग मला म्हणाले, आता बघा. मी पाहिलं. काचेच्या कोपऱ्यात आणखी दोन तशाच गोल गरगरीत, काळ्या काठाच्या रिक्तिका होत्या.

"तिथं तर जनावरच न्हाय," मामा म्हणाले. "काच बसवताना हवा ऱ्हायली."

मी विचारलं, मामा, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे? पट्टी लावली त्या दिवसापासून, म्हणाले. मग अठरा वर्षं बोलला का नाहीत? मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की चूक माझ्या प्रश्नातच होती. "तुमी शिकवीत व्हत्या. आन् शिकवीत व्हत्या ते ऐकाय बरं वाटायचं."

मी त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गाला खरं सांगायचं ठरवलं. जिग्नेशभाईकडून रंगीत चित्र छापून घेतलं, वर्गात फिरवलं आणि म्हटलं, मुलांनो, रिक्तिका दोनच असतात, स्लाइडवरची तिसरी हवा आहे. मला वाटलं होतं वर्ग हादरेल. वर्गाने चित्र नीट पाहिलं, खालचं परदेशी विद्यापीठाचं नाव वाचलं, आणि पहिल्या बाकावरून निकाल आला की बाई, हे तिकडचं आहे, त्यांच्याकडे पाणी तुंबत नाही, त्यांना दोन पुरतात. माझाच सिद्धांत माझ्या अंगावर आला. अठरा वर्षं मी तो इतका पक्का बसवला होता की आता मलाच हलवता येईना.

मग मामांनी राईच्या तळ्यातलं पाणी मुरंब्याच्या बरणीत आणलं आणि त्यात वाळकं गवत घालून आठवडाभर ठेवलं. त्याला असा वास सुटला की शेजारच्या संस्कृतच्या बाईंनी तास गच्चीवर घेतला. पण पॅरामेशिअम झालं, जिवंत, पळणारं. चाळीस मुलांनी भिंगातून काहीतरी पळताना पाहिलं, रिक्तिका कुणालाच मोजता आल्या नाहीत. फक्त निकिता भोईर मधल्या सुट्टीत परत आली. तीही राईची, मामांच्या गावची, अबोल आणि हट्टी. तिने कापसाचे धागे पाण्यात टाकून त्या प्राण्याची वाट अडवली आणि अख्खी सुट्टी डोळा लावून बसली. शेवटी म्हणाली, दोनच आहेत बाई, एक मिटते तेव्हा दुसरी उघडते. तिचा चेहरा मला अजून आठवतो. वर्गाला सांगितलं तर वर्ग म्हणाला, ते राईचं आहे, भाईंदरचं वेगळं.

प्रकरण मुख्याध्यापकांकडे गेलं. शाळेच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरच्या शाळेतले शिक्षक परीक्षक म्हणून येतात आणि ती महिन्यावर आली होती. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. परीक्षेपर्यंत तीन राहू द्यात, परीक्षेनंतर दोन करा. स्लाइड पुन्हा होती तशी बसवून पट्टी लावायची आज्ञा झाली. मी वाद घातला नाही. वर्गाला एवढंच सांगितलं की दिसेल ते काढा, आणि नाव काय द्यायचं ते मात्र मोघमच ठेवलं.

निकिता तासानंतर थांबली. तिचे वडील तिला अकरावीला सायन्सला घालायला कसेबसे तयार झाले होते, पण मार्क पडले तरच, नाहीतर कॉमर्स. तिने विचारलं, "बाई, मी बुडबुडा लिहू ना? नक्की?"

मी म्हटलं, "लिही. मी आहे ना."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले ते महेश परब. भांग तसाच, फक्त केस कमी. आता तो खाडीपलीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता. त्याने सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला आणि मुलांना सांगितलं, मी याच शाळेचा, याच बाईंचा. मग तडक सूक्ष्मदर्शकाकडे गेला, हात पाठीमागे बांधले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, बाई, आहे अजून. जणू जुनी शेजारीणच भेटली होती.

चाळीस मुलांनी आकृत्या काढल्या. एकोणचाळीस जणांच्या तिन्ही वर्तुळांना संकोची रिक्तिका असं नाव होतं. निकिताने तीन वर्तुळं काढली, टोकांच्या दोघींना रिक्तिका लिहिलं, मधल्या वर्तुळापासून पट्टीने सरळ रेघ ओढली आणि लिहिलं, हवेचा बुडबुडा.

परबने तिला टेबलाशी बोलावलं. मी बाजूच्याच खुर्चीत होते. परीक्षक गुण देत असताना शाळेच्या शिक्षकाने मधे बोलायचं नाही असा दंडक आहे, आणि त्या दिवशी मला तो फार सोयीचा वाटला.

"हे काय लिहिलंयस?"

"हवेचा बुडबुडा."

"पॅरामेशिअमच्या अंगात हवा कुठून आली?"

"अंगात न्हाय सर," निकिता म्हणाली. घाबरली की तिची शाळेतली भाषा सुटायची. "काचंखाली हाय. त्याच्या वरती."

"कुणी सांगितलं तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाईंनी."

परब हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो मायेने हसला आणि म्हणाला, "बाईंनी काय सांगितलंय ते मला विचार. मी त्या खिडकीच्या बाकावर बसून ऐकलंय." आणि त्याने माझा सगळा सिद्धांत तिला ऐकवला. खाडी, चार महिने तुंबलेलं पाणी, बिल्डिंग, दोन पंप, तिसरा पंप. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. निकिता माझ्याकडे बघत होती. मी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत होते. परबने लाल पेन्सिलीने बुडबुड्याभोवती गोल काढला, बाजूला निरीक्षण चुकीचं असं लिहिलं आणि आकृतीला पाचपैकी शून्य दिलं. निकिता जागेवर जाऊन बसली.

मग मी उठले. खूप उशिरा उठले, पण उठले. म्हटलं, परब सर, जरा चहा घेऊ या. रसायनांच्या कपाटामागे मामांची चहाची जागा होती, तिथे त्याला नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हवा, चिकटपट्टी, कारखान्याचं गाव, अकरा चित्रं. आणि हेही सांगितलं की त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी तोंडाला येईल ते सांगितलं होतं.

परबने कप खाली ठेवला. "बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं होतं की मी मास्तर होणार. पुस्तकात नाही ते सांगणारा."

मी त्याच्या कपात उरलेला चहा ओतला. मग तो म्हणाला, "माझ्या शाळेतल्या स्लाइडवर दोनच दिसतात."

"मग तू काय करतोस?"

"मुलांना सांगतो, तिसरी आहे, नीट बघा."

"मग?"

"मग त्यांना दिसते."

कपाटामागे मामा होते, त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि परब दोन्हीकडे न बघता म्हणाला की मला दाखवा. मामांनी पुन्हा ब्लेड आणलं, पट्टी सोडवली, स्लाइड सरकवली. परबने कोपऱ्यातले बुडबुडे पाहिले. मग स्वतःच्या हाताने स्लाइड मागे आणली, पुढे नेली, पुन्हा मागे आणली. एवढ्या वर्षांत त्या स्लाइडला हात लावलेला तो शाळेचा पहिला विद्यार्थी.

गुणांचा प्रश्न उरला होता. मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, बहुमत तिनाचं आहे. परबने त्यांचं म्हणणं आदराने ऐकून घेतलं, निकिताचं शून्य खोडून पाच केले आणि खाली सही केली. बाकीच्यांना चार चार दिले, कारण काढलं त्यांनी दिसलं तेच होतं, नाव तेवढं चुकलं. तो एकेक गुण त्या मुलांचा नव्हे, माझा गेला होता, आणि माझी चूक त्यांच्या कागदावर पडली याची टोचणी मला आजही आहे.

परीक्षा संपल्यावर निकिताला पाच गुणांचं सांगायला मी फाटकापर्यंत गेले. वाटलं होतं हसेल. तिने विचारलं, "बाई, तुम्ही तिथंच होतात. तवाच का न्हाय बोललात?"

माझ्याकडे तेव्हाही एखादं उत्तर रचायला वेळ होता. खाडीसुद्धा समोरच होती. मी म्हटलं, "घाबरले." तिने ते ऐकून घेतलं आणि मान हलवून घरी गेली. पुढे तिला सायन्स मिळालं, एवढं सांगून ठेवते. त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

चार महिन्यांनी एका रविवारी परब माझ्या पेणकरपाड्याच्या घरी आला. हातात एक छापलेला कागद, चेहऱ्यावर नववीतला आनंद. मीच दिलेल्या त्या चित्रसंग्रहाच्या पत्त्यावर जाऊन तो महिनाभर पॅरामेशिअम शोधत होता म्हणे. कागद त्याने टीपॉयवर पसरला. त्यातल्या पॅरामेशिअमला तीन रिक्तिका होत्या, खऱ्या. खाली लिहिलं होतं की या जातीत दोनपेक्षा जास्त असू शकतात.

"बघा," परब म्हणाला. "तुम्ही खोटं बोलला नव्हता."

मी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. तीनवालं पॅरामेशिअम या जगात आहे, शास्त्रज्ञांच्या सहीशिक्क्यासकट आहे, आणि समोर बसलेला माणूस मला सोडवायला तयार आहे. हो म्हटलं असतं तर अठरा वर्षं धुऊन निघाली असती.

"महेश," मी म्हटलं, "हे खरं आहे. पण हे आपलं नाही. आपल्याकडे हवाच होती."

त्याने कागदाची घडी घातली. मग पिशवीतून त्याने आणखी एक वस्तू काढली. खाकी कव्हर घातलेलं त्याचं शाळेतलं जर्नल. त्याने ते जपून ठेवलं होतं आणि त्याच्या शाळेतली मुलं त्यावरूनच आकृत्या काढत आली होती. पॅरामेशिअमचं पान त्याने उघडलं. तीन रिक्तिका, तिन्हींना नावं, लाल शाईतली बरोबरची खूण, शेजारी माझ्या हातचं ‘छान’, सही आणि जुलैतली एक तारीख, जी मी अर्थातच मार्चमध्ये घातली होती.

"दुरुस्त करून द्या," तो म्हणाला. "मुलांना तेच दाखवीन."

मी लाल पेन शोधलं. मधल्या रिक्तिकेचं नाव खोडलं आणि लिहिलं, हवेचा बुडबुडा. ‘छान’ खोडायला गेले तर त्याने वहीवर हात ठेवला, म्हणून ते राहू दिलं. खाली थोडी जागा होती. जिग्नेशभाईच्या खोपटीत वाचलेलं ते वाक्य मला आठवलं आणि मी लिहिलं, विद्यार्थ्याने प्रश्न विचारला होता, तेव्हा मला माहीत नव्हतं. सही केली.

परबने वाचलं. वही मिटायला घेतली आणि थांबला. "बाई, तारीख राहिली."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि नोकरीत पहिल्यांदाच जर्नलवर त्या दिवशीची तारीख घातली.